गांवचें सांडपाणी आणि बांधीव पाणथळ

सांडपाण्याचा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. परंतु गांवच्या गटारांतून वाहणारें पाणी अखेर जातें कोठें हें पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें उत्तर मिळतें. तें गांवाखालच्या पहिल्या शेतांत जातें, ओढ्यांत जातें आणि ओढ्याकांठच्या विहिरींत झिरपतें. पूर्वीं आडाचें पाणी शेंदून आणावें लागे, तेव्हां तें जपून वापरीत. मोरीचें पाणी परसांतल्या अळवाला व केळीला पुरे आणि तेथेंच संपे. आतां नळ घरांत आला आहे. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें माणशीं दररोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण धरलें आहे, आणि त्याचा सुमारें चार पंचमांश भाग वापरून झाल्यावर मोरींतून बाहेर पडतो. म्हणजे हजार वस्तीच्या गांवांतून दररोज ४४ हजार लिटर पाणी निघतें. हें पाणी उन्हाळ्यांतहि आटत नाहीं. म्हणून गांवाखालचा शेतकरी त्यावर मेथी, कोथिंबीर, मुळा पिकवितो. त्यांत शौचकूपाच्या टाक्यांचें पाणी मिसळलेलें आहे हें त्यास ठाऊक नसतें असें नाहीं. परंतु दुसरें पाणी त्याजपाशीं नसतें. त्या वाफ्यांत अनवाणी खुरपणी करणाऱ्या बायांच्या तळपायांतून अंकुशकृमी शिरतात, आणि भाजी धुऊन, जुड्या बांधून बाजारांत जाते. धुण्यास पाणी तरी तेंच.

या लेखांत अशा पाण्याच्या शुद्धीकरणाची एक रीत सांगावयाची आहे. तिला वीज लागत नाहीं व यंत्रहि लागत नाहीं. थोडी उताराची जमीन, धुतलेली खडी, कांहीं पाणवनस्पती आणि वेळच्या वेळीं फावडें हातीं घेणारा माणूस, एवढें असलें म्हणजे झालें. या चौथ्या वस्तूचा तुटवडा सर्वांत अधिक असतो, म्हणून तिचा उल्लेख आरंभींच करून ठेवतों. या रचनेस आम्ही ‘बांधीव पाणथळ’ म्हणूं.

पाणथळींतून वाहतां वाहतां घाण पाणी निवळतें ही गोष्ट नवी नाहीं. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारें १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ प्रदेशांत १९३० च्या सुमारापासून शहराचें सांडपाणी मत्स्यतळ्यांत घेऊन त्यावर मासे पोसण्याचा धंदा चालत आला आहे, आणि तळ्यांतून निघालेलें पाणी पुढें भातास जातें. २००२ सालीं या प्रदेशाचा समावेश रामसर कराराच्या यादींत झाला. परंतु तेथें सपाट व सखल जमीन विपुल आहे. आपल्याकडे गांवठाणाजवळ दहा गुंठे मोकळे सांपडणें कठीण. तेव्हां निसर्ग शेंकडों एकरांत जें करितो, तें थोड्या जागेंत करून घेण्याची युक्ति हवी. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणवनस्पतींचें नांव काढतांच कित्येकांस जलपर्णी आठवते. पंचगंगेवर व मुळा-मुठेवर तिनें जो उच्छाद मांडला आहे तो सर्वांनीं पाहिलाच आहे. ती उघड्या पाण्यावर तरंगते, कुजून पाणी पुन्हां नासविते, आणि तिच्या आडोशानें डांस वाढतात. आम्ही ज्या रचनेविषयीं लिहीत आहों तींत उघडें पाणी मुळींच दिसत नाहीं. तें खडीच्या पोटांतून वाहतें.

या रीतीचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण त्यांत झालेली एक चूक आजहि ठिकठिकाणीं पुन्हां केली जाते. जर्मनींत प्ल्योन येथील मॅक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल या विदुषींनीं १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींवर प्रयोग करून, फिनॉलसारखीं विषारी द्रव्येंहि अशा वनस्पतींच्या सान्निध्यांत पाण्यांतून नाहींशीं होतात असें दाखविलें. पुढें राइनहोल्ड किकुट यांनीं तोच विचार निराळ्या वाटेनें नेला, व १९७४ सालीं ऑथफ्रेझन या गांवीं पूर्ण आकाराची रचना सुरू झाली. किकुट यांनीं वाफ्यांत चिकण माती घातली. मातीचे कण बारीक, म्हणून घाण धरून ठेवण्याची तिची शक्ति मोठी. आणि मुळ्या खोल जाऊन दोनचार वर्षांत मातींतून पाण्यास वाट करून देतील, असा त्यांचा अदमास होता. मुळ्यांनीं तशी वाट केली नाहीं. डेन्मार्कमध्यें अशा मातीच्या वाफ्यांचें अनुकरण पुष्कळ झालें, परंतु बहुतेक ठिकाणीं पाणी मातींत न शिरतां वरच्यावर वाहून पलीकडे जाऊं लागलें. काळ्या रानांत पाट फोडणाऱ्या कोणाहि शेतकऱ्यानें हें आधींच सांगितलें असतें. १९८५ नंतर इंग्लंडांत ही रीत गेली तेव्हां मातीऐवजीं खडी घालण्यांत आली, आणि तेथपासून तिची खरी चलती झाली. फ्रान्समध्यें तर आतां हजारों खेड्यांत असे वाफे आहेत. तेथें पाणी वाफ्याच्या एका टोंकाकडून दुसरीकडे न नेतां वरून टप्प्याटप्प्यानें ओतून तळाशीं काढून घेतात. पहिल्या पायरीस तीन वाफे असतात. प्रत्येकास साडेतीन दिवस पाणी व सात दिवस विश्रांति. पृष्ठभागावर सांचणारा गाळ दरवर्षीं दोनतीन सेंटिमीटर वाढतो, दहापंधरा वर्षांनीं खरवडून काढतात, आणि तोंवर त्याचें खतांत रूपांतर झालेलें असल्यामुळें तो शेतांत घालतां येतो.

खडीचा वाफा पाणी शुद्ध करितो तो कसा? वनस्पती घाण ‘पिऊन टाकतात’ असें सर्रास सांगण्यांत येतें, पण तें अर्धवट आहे. खडीच्या प्रत्येक खड्यावर कांहीं आठवड्यांत एक बुळबुळीत पापुद्रा धरतो. ओढ्यांतला दगड उचलला असतां हातास जो लागतो तोच. तो सूक्ष्म जंतूंचा बनलेला असतो, आणि पाण्यांत विरघळलेलें सेंद्रिय द्रव्य हे जंतू खाऊन त्याचें पाणी व वायु करितात. मुख्य काम यांचें. एक घनमीटर बारीक खडीचा सगळा पृष्ठभाग मोजला तर तो शेंकडों चौरस मीटर भरतो, म्हणून लहानशा वाफ्यांतहि जंतूंस वस्तीला भरपूर जागा मिळते. वनस्पतींच्या मुळ्यांतून प्राणवायु खालीं उतरतो हें खरें, परंतु त्याचें प्रमाण आरंभींच्या संशोधकांस वाटलें होतें त्याहून फारच अल्प आहे असें पुढील मोजमापांत आढळून आलें. तर मग वनस्पती हव्यात कशाला? मुळ्यांवर जंतूंस आणखी आश्रय मिळतो. वाऱ्यानें देठ हलल्यामुळें वरचा थर भेगाळत राहतो व बुजत नाहीं. सावलीमुळें शेवाळ माजत नाहीं. नत्र व स्फुरद यांचा थोडा भाग पानांत जाऊन कापणीबरोबर बाहेर निघतो. वनस्पती म्हणजे या कारखान्याचे मजूर नव्हेत, डागडुजी करणारे गवंडी होत.

यावरून पुढची गोष्ट सहज ध्यानांत येईल. जंतू विरघळलेलें खातात. तरंगणारें चोथापाणी, राख, भाताचीं शितें, तेलाचा तवंग, गुटख्याच्या पुड्या यांचें ते कांहीं करूं शकत नाहींत. हा सर्व ऐवज खडीच्या फटींत बसतो, आणि वाफा एकदोन वर्षांत बुजतो. म्हणून वाफ्याच्या आधीं निवळणटाकी ही हवीच. निदान एक दिवसाचें पाणी मावेल एवढी, मध्यें भिंत घालून दोन कप्प्यांची, तोंडाशीं जाळी असलेली अशी ती असावी. पैसे अपुरे पडले तर वाफा लहान करावा, टाकी वगळूं नये. आमच्या मतें ज्या गांवास टाकींतला गाळ दरसाल काढण्याची व्यवस्था लावतां येत नाहीं, त्यानें या भानगडींत पडूंच नये. शोषखड्डे करावेत तें बरें. अर्थात् शोषखड्डा मुरमाड जमिनींत चालतो, निव्वळ काळ्या जमिनींत तो तुंबतो. आणि जेथें खालीं फुटका कातळ व जवळच पिण्याची विहीर असेल, तेथें तो फार चांगला चालतो हीच भीति.

आतां आकाराचा हिशोब पाहूं. खडींतील पोकळी तिच्या घनफळाच्या सुमारें दोन पंचमांश असते. वाफा दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर खोल धरला, तर एका चौरस मीटरांत २४० लिटर पाणी मावतें. घरगुती मोरीचें निवळलेलें पाणी वाफ्यांत तीन ते पांच दिवस राहिलें पाहिजे. ४४ हजार लिटरांस तीन दिवसांकरितां ५५० चौरस मीटर व पांच दिवसांकरितां सुमारें ९०० चौरस मीटर जागा लागते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर धरल्यास साडेपांच ते नऊ गुंठे. हें केवळ न्हाणीघर व स्वयंपाकघर यांच्या पाण्याचें झालें. शौचकूपांचें पाणीहि त्यांत येणार असेल, तर उष्ण हवेच्या प्रदेशांत आडव्या वाहाच्या वाफ्यास माणशीं ३ चौरस मीटर जागा धरण्याचा प्रघात आहे, म्हणजे हजार माणसांस तीस गुंठे. वरून ओतण्याच्या पद्धतीच्या वाफ्यास माणशीं १.२ चौरस मीटर पुरतात. परंतु तेथें पाणी थांबून थांबून एकदम सोडावें लागतें, आणि त्यास पंप किंवा आपोआप रिकामी होणारी वक्रनळीची टाकी पाहिजे. चांगला उतार नसेल तर खेड्यानें आडवा वाफाच पत्करावा.

बांधणींत पुढील गोष्टी सांभाळाव्या. वाफे दोन करावे, म्हणजे एक कोरडा ठेवून दुरुस्त करतां येतो. तळ शंभर फुटांस अर्धा ते एक फूट उताराचा व पाणी न झिरपणारा असावा; मुरमांत खोदला असेल तर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा, किंवा चोपलेल्या काळ्या मातीचा एक फुटाचा थर द्यावा. पाणी आंत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या बाजूंस मुठीएवढे दगड, मध्यें १० ते २० मिलिमीटरची खडी. ही खडी धुऊन घ्यावी हें ठेकेदारास लेखी बजावावें. क्रशरच्या खडींत कच असते, आणि घाणीनें बुजावयाच्या आधींच वाफा त्या कचीनें बुजतो. बाहेर जाणाऱ्या नळास फिरता गुडघा बसवावा. तो उभा केला कीं वाफ्यांतील पातळी वर येते, आडवा केला कीं खालीं जाते. एरवीं पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीं तीनचार बोटें ठेवावें. तें वर दिसूं लागलें तर वाफा बुजूं लागला आहे असें समजावें, आणि डांस तेव्हांपासून होतील.

लावणीस कर्दळ सर्वांत सोपी. ती कोठेंहि मिळते व लवकर धरते. पाणकणीस, लव्हाळा, वेखंड हींहि चालतात. यूरोपांत बहुतेक सर्वत्र जें बोरूचें बेट लावतात त्याची जात आपल्याकडे नदीकांठीं उगवते. हिरवळीच्या खताचा बोरू येथें अभिप्रेत नाहीं. ज्याची लेखणी करून आपले आजे-पणजे मोडी लिहीत तो हा बोरू. मृगाच्या सरी पडल्यावर दोनदोन डोळ्यांचे कंद चौरस मीटरास चार या प्रमाणें लावावे, व ते धरेपर्यंत पाण्याची पातळी पृष्ठभागाशीं ठेवावी. अळूं मात्र वाफ्यांत लावूं नये, आणि खाण्याची दुसरी कोणतीहि वस्तु लावूं नये. मोरीवरचें अळूं आपण पिढ्यान् पिढ्या खात आलों हें खरें. पण त्या मोरींत शेजारच्या पंचवीस घरांचें पाणी नव्हतें.

पावसाळ्याचा विचार आपल्याकडील आराखड्यांत बहुधा राहून जातो. गांवठाण दहा एकरांचें व पाऊस २० मिलिमीटरांचा धरला, आणि त्यांतील निम्मेंच पाणी गटारांत आलें, तरी तें चार लाख लिटर होतें. नऊ दिवसांचें सांडपाणी तासाभरांत! उघड्या गटारांतून हा लोंढा वाळू, पालापाचोळा व शेण घेऊन वाफ्यांत शिरला, कीं एका रात्रींत सगळें काम मातींत मिळतें. म्हणून टाकीच्याहि आधीं सांडवा पाहिजे; ठराविक उंचीच्या वरचें पाणी परस्पर ओढ्यांत गेलें पाहिजे. गोठ्यांतील शेणमुतीचें पाणीहि गटारांत येऊं देऊं नये. त्याची जागा उकिरड्यावर किंवा गोबरगॅसच्या टाकींत आहे. वाफ्यास तें जड जातें आणि शेताचें खत फुकट जातें.

एवढें केल्यानंतर हातीं काय येतें? पाण्यांतील कुजणारें सेंद्रिय द्रव्य शेंकडा ८० ते ९० कमी होतें, दुर्गंधि जाते, पाणी पारदर्शक दिसतें, आणि जंतांचीं अंडीं खडींत अडकतात. नत्राचा मोठा भाग मात्र पाण्यांत तसाच राहतो, कारण आडव्या वाफ्यांत प्राणवायु कमी. नदीच्या दृष्टीनें हा दोष. शेताच्या दृष्टीनें तो लाभ, व म्हणून हें पाणी ओढ्यांत सोडण्यापेक्षां पिकास देणें अधिक शहाणपणाचें.

पण पारदर्शक पाणी पाहून फसूं नये. विष्ठेंतील रोगजंतूंपैकीं शेंकडा ९० ते ९९ वाफ्यांत नाहींसे होतात. शंभरांत नव्याण्णव हा आकडा ऐकण्यास भारी वाटतो. परंतु मैलामिश्रित पाण्यांत शंभर मिलिलिटरांस एक कोटि जंतू असले, तर शेंकडा ९९ गेल्यावरहि एक लाख उरतात. आणि कच्च्या खाण्याच्या भाजीस देण्याच्या पाण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं घालून दिलेली मर्यादा एक हजारांची होती. म्हणजे हें पाणी अद्यापि शंभरपट वाईट. यास्तव कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी यांस तें देऊं नये. गजराज किंवा नेपियर गवत, कापूस, ऊंस, बांबू, सागवान, बांधावरचीं फळझाडें यांस द्यावें. गवत कापण्यापूर्वीं आठवडाभर पाणी तोडावें आणि कापल्यावर एक दिवस उन्हांत पडूं द्यावें. वाफ्यापुढें उथळ तळें करून पाणी कांहीं दिवस उन्हांत ठेवतां आलें तर जंतू आणखी मरतात. मात्र त्यांत गप्पी मासे सोडावे. पाणी देणाऱ्यानें व खुरपणाऱ्यानें पायांत बूट घालावे.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि तिच्याविषयीं फार थोडे बोलतात. धुण्याच्या सोड्यांतून व साबणाच्या पावडरींतून जो सोडियम पाण्यांत येतो तो वाफा काढीत नाहीं. उलट उन्हाळ्यांत वाफ्यावरील हिरवळ दररोज १० मिलिमीटर पाणी हवेंत उडविते; ९०० चौरस मीटरांच्या वाफ्यांतून ९ हजार लिटर गेले, म्हणजे उरलेल्या ३५ हजार लिटरांत क्षार सव्वापट झाले. भारी काळ्या जमिनीस असें पाणी वर्षानुवर्षें एकाच जागीं दिलें तर ती चोपण होईल, आणि मग जिप्सम टाकीत बसावें लागेल. पाण्याची विद्युतवाहकता ०.७ डेसिसायमनपर्यंत असेल तर क्षारांच्या मानानें चिंता नको, ३ च्या वर असेल तर तें पिकास देऊंच नये. मधल्या पाण्यास निचऱ्याची जमीन निवडावी, विहिरीच्या चांगल्या पाण्याशीं आलटून पालटून द्यावें, व सोडियमचें प्रमाण वर्षांतून एकदां तपासून घ्यावें. हलक्या मुरमाड जमिनीस हाच त्रास फारच कमी होतो.

राहिलें तें ३५ हजार लिटर पाणी. ऐन उन्हाळ्यांत दररोज ५ मिलिमीटर धरल्यास तें पावणेदोन एकर गवतास पुरतें; ठिबक केल्यास त्याहून अधिकास. दुष्काळी गांवांत मे महिन्यांत पावणेदोन एकर हिरवा चारा म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको.

खर्चांत मोठी बाब खडीची. साडेपांच गुंठ्यांच्या वाफ्यास ११७ ब्रास, नऊ गुंठ्यांच्या वाफ्यास १९० ब्रास. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यांत पांच हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांस सांडपाण्याच्या कामाकरितां माणशीं २८० रुपयांपर्यंतची तरतूद ठरविली होती. हजार वस्तीस ती दोन लाख ऐंशी हजार होते. आपल्या तालुक्यांत खडीचा भाव काय आहे व ती किती लांबून येते हें ज्यास ठाऊक आहे त्यानें ताळा स्वतः करून पाहावा. बहुतेक ठिकाणीं गांवास कांहींतरी पदरचें घालावें लागेल, आणि शौचकूपांचें पाणी बाजूला ठेवून केवळ मोरीच्या पाण्याचा लहान वाफा करणेंच परवडेल.

बांधण्यापूर्वीं ग्रामसभेंत एक प्रश्न मिटवून घ्यावा: हें पाणी कोणाचें? आजवर गटाराखालच्या ज्या शेतकऱ्यानें तें वापरलें, त्याची त्यावर वहिवाट आहे असें तो म्हणेल, आणि गांवच्या गायरानांत वाफा बांधून पाणी दुसरीकडे वळविलें तर रात्रीं नळ फुटेल. पहिलीं तीन वर्षें त्यासच निम्म्या पाण्याचा हक्क द्यावा, त्याबदल्यांत जाळी रोज साफ करण्याचें काम त्याजकडे सोंपवावें; उरलेल्या पाण्याचा दरसाल लिलाव करावा. लिलावाचा पैसा पंचायतीच्या सामान्य खात्यांत न घालतां टाकीचा गाळ काढण्याकरितां निराळा ठेवावा, आणि गाळ काढल्याची नोंद झाल्यावांचून पुढील वर्षाचा लिलाव पुकारूं नये. पाणी घेणाऱ्यानें पालेभाजी करूं नये ही अट पावतीवरच छापावी.